नाण्यावर मागाहून मारलेला ठसा: मदत हवी आहे

अधेली:
जुन्या पेटीत सापडलेल्या चांदीच्या मोठ्या नाण्यावर कोणीतरी मागाहून एक लहानसा ठसा मारलेला आहे. चांगले नाणे असे विद्रूप का करत असत आणि तो ठसा घासून काढता येईल का, एवढेच मला हवे आहे. कृपया लवकर सांगावे; नाणे विकत घेणारे गृहस्थ रविवारी येणार आहेत.

टांकसाळ्या:
नाणे कोणाचे, साल कोणते, वजन किती, ठशात काय दिसते, यांपैकी काहीच न सांगता उत्तर कसे मिळणार? घासू मात्र नका.

पारखी:
यात कोडे कसले? चीनमधील सराफ हाती आलेला स्पॅनिश डॉलर, म्हणजे स्पेनचे चांदीचे मोठे नाणे, पारखून त्यावर आपली खूण ठोकत, म्हणजे पुढच्याला चांदीची खात्री पटे. माझ्याकडचा एक डॉलर अशा खुणा सोसून सोसून वाटीसारखा खोलगट झाला आहे.

टांकसाळ्या:
प्रत्येक ठसा सराफाचाच, हा आपला हेका जुना आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने हरवलेल्या नहपान क्षत्रपाच्या नाण्यांवर आपली चिन्हे उमटवली, ती काय चांदी पारखून? नाशिककडच्या जोगळटेंभीच्या साठ्यात अशी हजारो नाणी निघाली. तेथे राज्य कोणाचे, हे सांगायचे होते.

अधेली:
हा इतिहास मी विचारला नव्हता. नाण्यावर कॅरोलस हे नाव आणि १७९३ साल आहे. राजाच्या मानेवर वाटाण्याएवढा लंबगोल ठसा असून त्यात दुसरेच डोके आहे.

चवल:
ब्रिटिश म्युझियममध्ये स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी ठोकलेली १९०३ सालची पेनी आहे, तीही अवश्य पाहावी.

टांकसाळ्या:
हे आधी सांगितले असते तर! कॅरोलस म्हणजे स्पेनचा राजा चार्ल्स; तुमचे नाणे स्पॅनिश डॉलर दिसते. १७९७ मध्ये इंग्लंडमध्ये चांदीच्या नाण्यांची टंचाई असताना बँक ऑफ इंग्लंडने आपल्याकडील स्पॅनिश डॉलरांवर इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचे इवलेसे डोके उमटवून ते चार शिलिंग नऊ पेन्सला चलनात आणले. गाढवाच्या मानेवर मूर्खाचे डोके बसवले, अशी थट्टाही तेव्हा झाली. पण हा ठसा लबाडांना सहज साधू लागला, म्हणून १८०४ मध्ये अष्टकोनी ठसा आला. तेव्हा आधी वजन सांगा. ते सुमारे २७ ग्रॅम हवे.

अधेली:
२१ ग्रॅम भरले. काटा बदलून दोनदा पाहिले.

टांकसाळ्या:
एवढी तूट झिजेने येत नाही. नाणेच खोटे असावे. तपासल्याशिवाय विकू नका.

पारखी:
माझ्या सराफाने ते हातात घेताच परत केले असते.