मदत हवी आहे: आई-आप्पांना मलेशियाला पाठवायचंय

नमस्कार मंडळी. अमळनेरहून आई-आप्पा क्वालालंपूरला बहिणीकडे निघालेत, विमानात पहिल्यांदाच बसणार. भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसा नको, ही सवलत 2026 अखेरपर्यंत आहे. पासपोर्ट पोहोचल्यापासून सहा महिने चालू हवा, परतीचं तिकीट हवं, आणि पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, इथवर कळलं. आप्पांकडे साधा फोन आहे. दोघांची कार्डं मी माझ्या ईमेलवरून भरून प्रिंट दिली तर चालतं का? हॉटेल बुकिंग नाही, मग बहिणीचं पत्र पुरतं का? दोघांना अहिराणी-मराठीच येते, त्यामुळे काउंटरवर काय विचारतात याचीच जास्त काळजी आहे. आईने बिबड्या, उडदाचे पापड बांधूनही ठेवलेत. नेऊ देतात ना? नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.