मॉरिशसला कधी जावं? आपापले अनुभव इथे लिहा

मॉरिशसची चौकशी केली की एजंट मंडळी 'बारा महिने हवा छान' म्हणून मोकळी होतात. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण 20 अंशांवर. त्यामुळे ऋतू उलटे: नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि त्यातच जास्तीचा पाऊस, जून ते सप्टेंबर हिवाळा, मे आणि ऑक्टोबर अधलेमधले. एवढं कुठेही वाचायला मिळतं. तुम्ही कुठल्या महिन्यात आणि बेटाच्या कुठल्या अंगाला होतात, तिथे काय वाट्याला आलं, ते लिहा. जाहिराती नकोत. सुरुवात मीच करते.

आम्ही मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर, मेच्या मध्यावर गेलो. पुण्यात जीव नकोसा झालेला आणि तिथे भर दुपारीसुद्धा पंखा चालतोय की नाही याचं भान नसायचं. रोज एखादी सर यायची, पण ओलं अंग पुसेपर्यंत ऊन. समुद्र हवेच्या मागून निवतो, त्यामुळे पाणी अजून कोमट होतं; मुलांना बाहेर काढणं हेच काम. शामारेलला जाताना प्लेन शांपान्यच्या रस्त्यावर गाड्या कडेला लावून माणसं झुडपांत शिरलेली दिसली. चालक म्हणाला, पेरू! बोराएवढे, लालबुंद, आंबटगोड. 'चिनी पेरू' म्हणतात त्यांना, एप्रिलच्या सुमारास हंगाम सुरू होतो. तिखटमीठ लावून खातात. आमच्या धाकट्याने इतके खाल्ले की रात्री जेवला नाही. शाळेच्या सुट्ट्यांना बांधलेल्यांनी डोळे मिटून मे धरावा, असं माझं मत.

घाटमाथ्यावरचा

महिना नंतर विचारा, आधी 'कुठे राहणार' ते विचारा. मी नोकरीनिमित्त पठारावरच्या वाक्वा गावात राहिलोय. बेटाच्या मधलं पठार ढगांच्या वाटेत येतं. वारे बहुतेक वेळ आग्नेयेकडून येतात, चढ चढताना पाणी सांडतात आणि पश्चिमेला कोरडे उतरतात. वाई आणि महाबळेश्वर ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. पठाराच्या काही भागांत वर्षाला 4000 मिमी पाऊस, पश्चिम किनाऱ्यावर 900च्या आसपास, आणि दोन्हींत अंतर गाडीने तासभरसुद्धा नाही. रविवारी पठारावरच्या क्युरपीपच्या भुरभुरीत छत्री उघडून निघायचो आणि पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आं फ्लाकला पोचल्यावर ती गाडीत टाकून टोपी शोधायचो.

जुलै-ऑगस्टमध्ये रात्री पारा 16च्या आसपास येतो, पठारावर त्याहून खाली. ऐकायला किरकोळ वाटतं. पण घरात हीटर नाही, भिंती ओलसर, धुतलेली जीन्स तीन दिवस दोरीवर आणि कपाटातल्या चामडी चपलांवर हिरवी बुरशी. दुपारी ऑफिसखाली गाडीवरची गरम ढोल-पुरी कागदात गुंडाळून मिळायची (आपल्या पुरणपोळीची तिखट चुलत बहीण, आत डाळीचा भुगा). त्या थंडीत तिची चव दुप्पट. पर्यटकाने मात्र पठारावर मुक्काम करू नये, दिवसा हिंडून खाली परतावं.

नवी नवरी, जुनी हौस

आमचं लग्न डिसेंबरातलं, त्यामुळे 2024च्या जानेवारीत तिथे. 15 तारखेला बेलाल चक्रीवादळ बेटाजवळून गेलं. राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. आम्ही उत्तरेला ग्रां बेजवळ होतो. हॉटेलच्या पोरांनी बाल्कनीतल्या खुर्च्या, कुंड्या सगळं गुपचूप आत नेलं, घाबरवणारी बडबड अजिबात नाही. तिथे वादळाच्या इशाऱ्याचे 1 ते 4 वर्ग लहान मुलालाही पाठ. तिसरा लागला की बस बंद, दुकानं बंद, आपण खोलीत. विमानतळही बंद. वारा थांबल्यावर सुद्धा समुद्र गढूळ होता, बोटी निघेनात.

जानेवारी ते मार्च मुळीच जाऊ नका असं मी म्हणणार नाही. दरवर्षी वादळ थेट गाठतंच असं नाही, दरही उतरलेले असतात. फक्त तारीख बदलता येईल असं तिकीट काढा, प्रवास विमा घ्या आणि परतल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात महत्त्वाची मीटिंग ठेवू नका.

खारा वारा

ऑगस्ट, पूर्व किनारा, बेल मार. फोटोत दिसतं तसंच निळं पाणी. फोटोत वारा दिसत नाही! टॉवेलवर चप्पल ठेवली तर चप्पलसकट टॉवेल सरकतो. इल ओ सेर्फ या छोट्या बेटावर नेणारी बोट उसळत गेली, बाबा काठ धरून 'रामरक्षा' म्हणत होते. पुढचा मुक्काम पश्चिमेला होता. तिथे तोच दिवस, तेच ऊन, आणि पाणी ताटासारखं सपाट. हिवाळ्यात पश्चिम किंवा वायव्य किनारा घ्यायचा, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धं काम झालं. ल मोर्नच्या पतंगवाल्यांना मात्र हाच वारा हवा असतो. पाण्यावर फळी, वर पतंग, आणि सुसाट. पोहायला पाणी गार, 23 अंशांच्या आसपास. पण याच महिन्यांत हंपबॅक देवमासे दक्षिणेतून येतात. आम्हाला एका मादीची पाठ आणि शेपटी दिसली, शेजारी पिल्लू. बाबांची रामरक्षा तेवढ्यापुरती थांबली.

आणखी एक, जून-जुलैत सहाच्या आत सूर्य मावळतो. दुपारच्या जेवणानंतर डुलकी काढली तर दिवस संपला समजा.

लिचीवाली

डिसेंबर. गुलमोहर भरात, लिचीचे घोस रस्त्याकडेला, डायव्हिंगला पाणी उबदार आणि स्वच्छ. घाम मुंबईइतका. नाताळ ते नववर्ष दर ऐकून परत फिरावंसं वाटतं. पहिला पंधरवडा गाठा.

भाद्रपद

आम्ही मुद्दाम गणपतीत गेलो. तिथल्या मराठी घरांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर कामाला गेलेले, बरेचसे कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातले. चतुर्थीनंतरच्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते आणि मूर्ती नदीवर, समुद्रावर निघतात. मिरवणुकीत जाखडी! पायांतली चाळ, वर्तुळात फेर, आरतीचे शब्द आपले आणि मध्येच गप्पा तिथल्या क्रिओल भाषेत. हवेचं म्हणाल तर हिवाळा ओसरत आलेला, पाऊस कमी. आपल्याकडे त्याच दिवसांत मांडवावर ताडपत्री ओढत असतात, तिथे लोक कोरड्या रस्त्याने विसर्जनाला चालले होते. उसाची तोडणी चालू असल्याने डोंगर एकदम मोकळे दिसतात. हे उभ्या उसाच्या दिवसांत कळतच नाही.

शंकासुर

दिवाळीच्या सुट्टीत ज्येष्ठ आईवडिलांना न्यायचं आहे. गुडघे दोघांचेही. ऑक्टोबरअखेर कसं?

धागाकर्ती

@शंकासुर, नि:शंक जा. ऑक्टोबर हा तिथला सगळ्यात कोरडा महिना, वारा पडलेला, ऊन अजून चढलेलं नसतं. मुक्काम वायव्य किनाऱ्यावर त्रू ओ बिशच्या बाजूला घ्या, पाणी उथळ आणि उतार हळू. दिवाळीला तिथेही सुट्टी असते, संध्याकाळी जवळच्या त्रिओले गावची रोषणाई बघायला न्या. पठारावरच्या गंगा तलावाला सकाळी लवकर गेलात तर धुकं आणि गारवा. घाटमाथ्यावरचे म्हणतात तसं, दोघांना एकेक स्वेटर गाडीत असू द्या. दक्षिणेला ग्री ग्रीला लाटा फक्त वरून बघायच्या, तिथे प्रवाळाची भिंत नाही, पाण्यात उतरायचं नाही.

एप्रिलमध्ये कोणी गेलंय का? त्याबद्दल अजून कोणीच लिहिलेलं नाही.