प्रतिसाद: नेवाडा ३७४ कंटाळवाणा नाही

"अमेरिकेत बीटी गावाहून डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाकडे जाणारा नेवाडा ३७४ महामार्ग म्हणजे वीस मिनिटांचं रखरखीत वाळवंट, थांबण्यासारखं काहीच नाही" हे कोणीतरी लिहिलंय ते अजिबात पटलं नाही. रस्ता जेमतेम २२ किलोमीटरचा, मान्य. पण बीटी सोडल्यावर सहाएक किलोमीटरवर उजवीकडे ऱ्हायोलाइट या ओसाड शहराचा फाटा लागतो, तो कृपा करून चुकवू नका. १९०४ साली या डोंगरांत सोनं सापडलं आणि बघता बघता तिथे शहर उभं राहिलं. १९१६ मध्ये वीज तोडली तोवर ते जवळपास ओस पडलं होतं. तीन मजली बँकेच्या नुसत्या भिंती आता उभ्या आहेत.

मला सगळ्यात भिडलं ते तिथलं बाटल्यांचं घर. वाळवंटात लाकूड दुर्मीळ, म्हणून टॉम केली नावाच्या माणसाने १९०६ मध्ये दारूच्या गुत्त्यांतल्या रिकाम्या बाटल्या आडव्या रचून भिंती बांधल्या, सुमारे पन्नास हजार बाटल्या! बुडं बाहेरच्या बाजूला. आम्ही उन्हं कलताना पोचलो, तेव्हा प्रत्येक बूड वेगळं चमकत होतं, काही तपकिरी, काही हिरवट. आई कुंपणाला धरून कितीतरी वेळ बघत राहिली. आणि हो, पेट्रोल, पाणी बीटीतच भरून घ्या, या रस्त्यावर पुढे काही मिळत नाही.