मदत हवी आहे: रात्रीच्या स्कूबा डाइव्हसाठी बॅकअप टॉर्च आणि त्याचे सेल कोणते घ्यावेत?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा नवरा, दोघांचंही ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला कोर्स) झालं आहे. या हिवाळ्यात अंदमानला, हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) ॲडव्हान्स्ड कोर्स करायचं ठरलंय आणि त्यात आम्ही नाइट डाइव्ह निवडली आहे. तिकडे पाच-साडेपाचलाच सूर्य मावळतो, त्यामुळे पाण्यात उतरू तेव्हा चांगलाच अंधार असणार.

मुख्य टॉर्च सेंटरकडून भाड्याने मिळेल, पण बॅकअप तरी स्वतःचा हवा असं मला ठामपणे वाटतं. कारण सांगते. गेल्या सीझनला नेत्राणीला (कर्नाटकातलं बेट) दुपारच्या डाइव्हमध्ये एका कपारीखाली आम्ही मोरे ईल बघत होतो. नवऱ्याच्या हातातला भाड्याचा टॉर्च अजिबात मंद न होता खटकन बंद पडला. आम्ही कपारीतून मागे सरकलो, बाहेर लख्ख उजेड होता, विषय संपला. पण हेच रात्री १५ मीटरवर झालं असतं तर, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

रात्री प्रत्येकाकडे दोन टॉर्च हवेत, हे शिकवतातच. गुहांमध्ये उतरणारे तर प्रत्येकी तीन नेतात. माझी अडचण सेलची आहे. १८६५० नावाचे चार्ज होणारे लिथियमचे सेल, साधे पेन्सिल सेल आणि ते बुटके ३ व्होल्टचे सीआर१२३, अशा तिन्ही प्रकारांचे टॉर्च दिसतात. मुख्य टॉर्चही पुढेमागे घेऊच, तेव्हा दोन्हींना १८६५० च ठेवावा म्हणजे चार्जर एकच लागेल, असं नवऱ्याचं मत. मला काळजी अशी की जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा टॉर्च कपाटात पडून राहणार. ऐन वेळी त्याच्यात जीव असेल ना?

शिवाय ऑनलाइन १८६५० सेल ९९०० एमएएचचे (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) स्वस्तात दिसतात आणि नावाजलेल्या कंपन्यांचे ३५०० चे त्याहून महाग. हे काय गौडबंगाल आहे? आणि बॅकअपला लुमेन (उजेडाचं माप) किती पुरतात? वापरणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

ताई, सीझनभर मालवणला पाण्यात असतो म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आधी नेत्राणीचं. बंद पडायची पद्धत बघता तो प्रोटेक्टेड लिथियम सेल असावा. भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो, मग बराच वेळ ३.६-३.७ च्या आसपास टिकून राहतो आणि शेवटी भराभर उतरतो. तीनच्या खाली गेला की सेलच्या बुडाशी बसवलेलं छोटं सर्किट करंट तोडतं. सेल खराब होऊ नये म्हणून ती सोय असते, पण टॉर्चवाला त्या क्षणी अंधारात. चांगल्या टॉर्चमध्ये त्याआधी उजेड टप्प्याटप्प्याने उतरतो किंवा लाल दिवा लागतो. भाड्याच्या टॉर्चमध्ये हे असेलच असं धरून चालू नका.

आता तुमचा मुख्य प्रश्न. दोन्हींना एकच सेल ही सोय बोटीवर कामाची. पाण्याखाली झाकण उघडून सेल बदलता येत नाही, त्यामुळे तिथे तिचा काही उपयोग नाही. बॅकअपच्या सेलकडून दोनच गोष्टी हव्यात: महिनोन् महिने पडून राहिला तरी चालला पाहिजे आणि जाताना आधी इशारा दिला पाहिजे. पेन्सिल सेलचा साधा टॉर्च दुसऱ्या कसोटीवर उत्तम उतरतो, उजेड हळूहळू कमी होत जातो. तुम्हाला वर यायला भरपूर वेळ मिळतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मुख्य टॉर्च १८६५० किंवा २१७०० (त्याच जातीचा थोडा मोठा सेल) चा, प्रत्येक डाइव्हआधी पूर्ण चार्ज केलेला, बॅकअप पेन्सिल सेलचा.

अल्कलाइन पेन्सिल सेलची एकच खोड, ते आत राहिले की गळतात. पांढरी भुकटी स्प्रिंगवर चढली की टॉर्च गेलाच म्हणायचा. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. सीझन संपला की सेल बाहेर, टॉर्चचं झाकण सैल. दीड व्होल्टचे, चार्ज न होणारे लिथियम पेन्सिल सेलही मिळतात. ते महाग आहेत पण बरीच वर्षं टिकतात आणि सहसा गळत नाहीत. टॉर्चच्या माहितीपत्रकात चालतात असं लिहिलेलं असेल तर तेच घ्या. चार्ज होणारे १.२ व्होल्टचे एनेलूपसारखे सेलही बऱ्याच टॉर्चना चालतात, फक्त ट्रिपच्या आदल्या दिवशी चार्ज करा. जुने-नवे मिसळू मात्र नका. कमजोर सेल बाकीच्यांच्या ओढीने उलटा चार्ज होतो आणि गॅस सोडतो, आणि डाइव्हचा टॉर्च हवाबंद असल्याने तो आतच कोंडतो. पेन्सिल सेलच्याच आकाराचा १४५०० नावाचा ३.७ व्होल्टचा सेलही असतो. तो पेन्सिल सेलच्या टॉर्चमध्ये घातला तर सर्किट जळू शकतं.

लुमेनच्या मागे लागू नका. बॅकअपला २०० ते ४०० भरपूर झाले. झोत अरुंद बघा, दहा अंशांच्या आतबाहेर. आमच्याकडे पाण्यात कण जास्त. पसरट झोत मारला की समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. अरुंद झोत कणांतून पार जातो आणि त्याने बडीला (सोबतच्या डाइव्हरला) खूणही नीट करता येते: गोल फिरवला तर ठीक, आडवा जोरात हलवला तर लक्ष द्या. बडीच्या तोंडावर कधीच मारायचा नाही.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. मुख्य टॉर्च गेला, बॅकअप लावला, की डाइव्ह तिथेच संपली. बडीला खूण करायची आणि दोघांनी मिळून वर यायचं. बॅकअपच्या उजेडात उरलेली डाइव्ह पूर्ण करणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला ते अजिबात पटत नाही, कारण त्या क्षणापासून त्यांच्याकडे बॅकअपच नसतो.

प्रतिसाद

९९०० चं गौडबंगाल वगैरे काही नाही, सरळ फसवणूक आहे. १८६५० म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब. एवढ्याशा नळीत आजच्या घडीला साधारण ३५०० ते ४००० एमएएचच मावतात. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, घरच्या वजनकाट्यावर ठेवून बघा. लेबलवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आयएस १६०४६ हा क्रमांक आहे का तेही पाहा. प्रोटेक्टेड सेल दोन-चार मिमी लांब असतो, काही टॉर्चमध्ये तो बसत नाही, तेव्हा घेण्याआधी खात्री करा.

विमानाचंही लक्षात ठेवा. लिथियमचे सुटे सेल चेक-इन बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच न्यायचे, प्रत्येकाची टोकं झाकून किंवा प्लॅस्टिकच्या डबीत. १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही आणि ३५०० चा सेल जेमतेम १३ वॅट-अवरचा, त्यामुळे तिथे अडचण नाही. डाइव्हचे जोरदार टॉर्च चुकून चालू झाले तर फार तापतात, कारण ते थंड राहतात ते पाण्यामुळे. म्हणून प्रवासात सेल काढूनच ठेवायचा. चालू टॉर्च बोटीवर किंवा खोलीत फुल ठेवून तपासत बसू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. घरात एक स्वस्तातला टॉर्च होता, त्यातला ९९०० लिहिलेला सेल लगेच काट्यावर ठेवला. भरला ३१ ग्रॅम! तो आता ई-कचऱ्यात जाईल. पेन्सिल सेलचे दोन बॅकअप घ्यायचे नक्की केले, एक त्याला, एक मला. नवऱ्यालाही पाण्याखाली सेल बदलता येत नाही हा मुद्दा पटला.

आता दोन शंका. डोकं पिळून चालू होणारा घ्यावा की सरकत्या बटणाचा? आणि ओ-रिंगला (झाकणाच्या रबरी कडीला) कोणतं ग्रीस लावायचं? घरी व्हॅसलिन आहे.

प्रतिसाद

व्हॅसलिन नको, काही जातीचं रबर त्याने फुगतं. सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब घ्या. बोटाच्या चिमटीत ओ-रिंग फिरवून चकाकी येईल इतकंच लावायचं. थापलं तर त्यावर वाळू चिकटते. लावल्यावर उजेडात खाचेतून नजर फिरवा, एक केस आडवा पडला तरी तिथून पाणी शिरतं. डाइव्हनंतर टॉर्च बंदच ठेवून गोड्या पाण्यात भिजवा, पुसून कोरडा करा आणि मगच झाकण उघडा.

सरकतं बटण लोहचुंबकावर चालतं. बॉडीला भोक नसतं, म्हणून ते भक्कम. पण कंपासजवळ आलं तर सुई भरकटते, तेव्हा कंपास दुसऱ्या हातावर. पिळायच्या टॉर्चचं डोकं सैल ठेवलं तर खोलवर दाबाने आपोआप लागू शकतो, आणि घाईत उलटं जास्त पिळलं तर पाणी आत. मी स्वतः चुंबकवाला घेईन.

डाइव्हच्या जॅकेटच्या छातीवरच्या डी-रिंगला (डी आकाराच्या कडीला) टॉर्च स्नॅपने (हुकाने) अडकवा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक वेटोळा कापून त्याखाली दाबून ठेवा, लोंबकळत नाही आणि अंधारात एका हाताने निघतो. हात तिथे आपसूक जाईपर्यंत किनाऱ्यावर सराव करा.

नवीन टॉर्च थेट रात्री नेऊ नका. सेल काढून आत टिश्यू पेपरची घडी ठेवा, झाकण घट्ट करा आणि कोर्सच्या दिवसाच्या डाइव्हला खाली नेऊन आणा. वर आल्यावर टिश्यू कोरडा निघाला तर त्याच संध्याकाळी सेल घालून वापरायला हरकत नाही.