सायक्लोन टेलरचे गोल ऑटाव्यात कमी, व्हँकुव्हरमध्ये इतके जास्त कसे?

तापीकाठ, भुसावळ
कॅनडाचा जुना आइस हॉकीपटू फ्रेड ऊर्फ 'सायक्लोन' टेलरची कारकीर्द हंगामवार मांडतोय. 1908 आणि 1909 मध्ये ऑटाव्याकडून हंगामाला 9 गोल. मग 1917-18 ला व्हँकुव्हरकडून 18 सामन्यांत 32! तिशी उलटल्यावर एवढी झेप कशी?

केळीबाग, रावेर
भो, गोलांआधी त्याची जागा लिहून घे. तेव्हा संघात सात जण असायचे: गोलरक्षक, पॉइंट, कव्हर-पॉइंट, रोव्हर (बचाव-आघाडी दोन्हीत फिरणारा) आणि तीन आघाडीवाले. पॉइंट आणि कव्हर-पॉइंट शेजारी नाही, एकामागे एक उभे राहायचे. ऑटाव्यात टेलर कव्हर-पॉइंट, म्हणजे बचावात. पुढे पास द्यायला नियमानं बंदी, त्यामुळे पक (खेळायची चकती) काठीवर घेऊन स्वतःच सुसाट निघायचं. गोल हुकला की मागची जागा उघडी, आणि तेवढ्याच वेगानं परतायचं. तीस-तीस मिनिटांचे दोन डाव, बदली खेळाडू जवळपास नाहीच. बचावातून 9 गोल म्हणजे जबरदस्तच. व्हँकुव्हरला मात्र तो रोव्हर आणि सेंटर, म्हणजे पुढे होता.

धुळेकर
लीगही वेगळी. पूर्वेकडच्या एनएचए (नॅशनल हॉकी असोसिएशन) लीगनं 1911 च्या हंगामानंतर रोव्हर काढून सहा खेळाडू केले. व्हँकुव्हर खेळायचं त्या पॅसिफिक कोस्ट लीगनं 1922 पर्यंत सातच ठेवले आणि मधल्या पट्ट्यात पुढे पासची मुभाही दिली. म्हणून दोन्हीकडचे गोल एकाच रकान्यात टाकू नको. शिवाय बर्फ! नैसर्गिक बर्फावर ऊन वाढलं की वर पाणी साचतं, पक अडकतो. व्हँकुव्हरच्या डेनमन अरीनात 1911 पासून कृत्रिम बर्फ होता. आपल्याकडच्या बर्फाच्या कारखान्यात डब्यांभोवती गार खारं पाणी फिरवतात, तसंच काम तिथं बर्फाखालच्या नळ्या करायच्या.

तापीकाठ, भुसावळ
आता कळलं, जागेचा रकाना वाढवतो. ऑटाव्यानंतर तो रेनफ्रू गावाच्या संघात गेला, तिथले 5250 डॉलर वर्षाचे धरू का?

केळीबाग, रावेर
नाही, फक्त 1910 च्या हंगामाचे. सामने 12, म्हणजे सामन्याला साधारण 437 डॉलर. छोट्या गावाला हा खर्च झेपला नाही, 1911 नंतर संघच बंद पडला. इमिग्रेशन खात्यातला पगार यात मिळवू नको; ती सरकारी नोकरी ऑटाव्यात लागली आणि हॉकी सुटल्यावरही चालू राहिली. 1914 ला 376 भारतीय प्रवाशांची कोमागाटा मारू बोट, उतरायला मनाई असल्यानं, व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडकली, तेव्हा तो तिथंच त्या खात्यात होता. पुढच्याच वर्षी त्यानं व्हँकुव्हरला स्टॅनले कप, म्हणजे तिथल्या हॉकीचा सर्वात मोठा चषक, जिंकून दिला. दोन्ही नोंदी घे भाऊ, पहिली गाळू नको. त्या जहाजावर आपली माणसं होती.