सासूसासऱ्यांना घेऊन ब्लूबेरी पिकिंगला जायचंय, न्यू जर्सीत कुठे आणि कधी जावं?

मैत्रेयी_एडिसन

नमस्कार मंडळी, सासूबाई आणि सासरे मेच्या शेवटी रत्नागिरीहून आलेत, सप्टेंबरपर्यंत आहेत. मॉल झाले, रॉबिन्सविलचं मंदिर झालं, आता त्यांना जरा मोकळ्या हवेत न्यायचंय म्हणून ब्लूबेरी पिकिंगचं डोक्यात आहे. अडचण अशी की मागे ते आले होते तेव्हा आम्ही स्ट्रॉबेरी पिकिंगला नेलं होतं आणि सासूबाई दहा मिनिटांत कंबर धरून गाडीत जाऊन बसल्या, आम्ही सगळे शेतात आणि त्या एकट्या गाडीत, मला त्याचं अजून वाईट वाटतं. त्यात गेल्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा बदललाय. सासऱ्यांना डायबेटिस आहे पण चालायला खुटखुटीत आहेत, कृषी खात्यातून रिटायर झालेत त्यामुळे शेत म्हटल्यावर एका पायावर तयार. मुलं 4 आणि 9 वर्षांची.

जून संपताना जावं की जुलैत? सगळे हॅमंटनला जा म्हणतात पण ते आमच्याहून दीड तास तरी आहे, जवळ काही बरं आहे का? टॉयलेटची सोय असते का? आणि मुख्य म्हणजे सासूबाईंना जमेल का, की या वेळीही त्यांना बसवूनच ठेवावं लागेल? कोणी आजी-आजोबांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा.

दक्षिणजर्सीकर

नक्की न्या, बिनधास्त न्या. स्ट्रॉबेरीचं रोप जमिनीलगत असतं म्हणून वाकावं लागतं, ब्लूबेरीचं तसं नाही. इकडची ब्लूबेरी म्हणजे चांगली पाच-सहा फूट उंच झुडपं, फळांचे घोस छातीच्या उंचीवर येतात, उभ्याउभ्या तोडायचं. माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत तरी ती दर वर्षी येते. एक फोल्डिंगची खुर्ची तेवढी न्या, खालच्या फांद्यांवरची फळं बसून आरामात निघतात, आणि तिथे सहसा कोणी हात लावलेला नसतो कारण सगळे उभ्याने तोडून पुढे जातात!

सीझन जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत धरून चाला. आधी ड्यूक जातीची फळं येतात, मग ब्लूक्रॉप, आणि एलियट सगळ्यात उशिरा. मला विचाराल तर जुलैचा पहिला-दुसरा आठवडा, फक्त 4 जुलैचा वीकेंड सोडा. जमलं तर कोणीतरी एक दिवस सुट्टी टाका आणि मधल्या वारी जा, सकाळी शेत उघडताना पोचा, अकराच्या आत बाहेर. झुडपांना तशी सावली नसते, दुपारी ऊन मी म्हणतं.

हॅमंटन स्वतःला ब्लूबेरीची जागतिक राजधानी म्हणवतं ते ठीक आहे पण तुम्हाला तेवढं खाली यायची गरज नाही. बर्लिंग्टन काउंटीत पेम्बर्टन, नाहीतर शेजारच्या ओशन काउंटीतल्या न्यू इजिप्तच्या बाजूला बघा, एडिसनहून तासाभरात याल. प्रिन्स्टनजवळ टरह्यून ऑर्चर्ड्स आहे, ते आणखी जवळ पडेल. टॉयलेट असतं पण बऱ्याच ठिकाणी ते प्लास्टिकचं उभं खोकं, आजींना त्याची पायरी चढायला लागते, म्हणून येताना रस्त्यात कुठेतरी जाऊन घ्या.

मुक्ता०७

+1 सकाळी लवकर जाण्याला. आणि निघायच्या आधी फोन करा, वेबसाइटवर विसंबू नका. आम्ही तीन वर्षांपूर्वी रविवारी दुपारी एक वाजता एका शेतावर पोचलो, माझे आईवडील बरोबर, पोरं गाडीत दोन तास बसून वैतागलेली, आणि गेटवर पाटी की आज पिकिंग बंद, सगळी फळं तोडून झालीत, पुढची पिकायला चार दिवस लागतील. वेबसाइटवर मात्र ओपन. आईने मुलांना नवे टोप घेतले होते खास, ते तसेच घालून परत आलो. तेव्हापासून मी आदल्या संध्याकाळी एक आणि सकाळी निघताना एक असे दोन फोन करते.

दुसरं, गोचीड. इकडे टिक म्हणतात ती. पाइन बॅरन्सचा, म्हणजे दक्षिण जर्सीतल्या पाइनच्या जंगलाचा भाग, झाडी आणि हरणं दोन्ही भरपूर, आणि जून-जुलैत गोचिडीची पिल्लं असतात ती खसखशीच्या दाण्याएवढी, दिसतसुद्धा नाहीत. सगळ्यांना फिक्या रंगाची फुल पँट, पँट मोज्यात खोचलेली, पायात बूट, सँडल नको. सासूबाई साडी नेसत असतील तर त्या दिवशी पंजाबी ड्रेसच बरा. शेताच्या कडेच्या उंच गवतात मुलांना जाऊ देऊ नका. घरी आल्या आल्या आंघोळ, आणि कानामागे, काखेत, गुडघ्यामागे नीट बघा. माझ्या मुलाच्या गुडघ्यामागे एकदा सापडली, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढली. एक दिवस उलटायच्या आत काढली तर लाइम (गोचीड चावल्याने होणारा आजार) होण्याचा धोका बराच कमी असतो, त्यामुळे घाबरू नका पण बघायचा कंटाळाही करू नका.

रानवाट

तुमचे सासरे कृषी खात्यातले असतील तर न्यू इजिप्त किंवा पेम्बर्टनकडेच जा आणि येताना व्हाइट्सबॉगला थांबा, ब्राउन्स मिल्सजवळ आहे. ब्लूबेरीची लागवड जगात पहिल्यांदा तिथे यशस्वी झाली, त्याआधी लोक रानातलीच तोडून आणायचे. एलिझाबेथ व्हाइट नावाची बाई, वडिलांची क्रॅनबेरीची शेती. सरकारी शास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांचं 1910 चं पत्रक तिच्या वाचनात आलं आणि तिने पत्र लिहून त्यांना कळवलं की आमच्याकडे या, जमीन देते. मग तिने आसपासच्या रानात फिरणाऱ्या लोकांना एक माप दिलं, 5/8 इंच भोक असलेलं. ज्या झुडपाचं फळ त्या भोकातून खाली पडणार नाही ते झुडूप दाखवा आणि पैसे घ्या. आणि झुडपाला नाव दाखवणाऱ्याचं! रूब लीकने दाखवलं ते रुबेल, ती जात आजही लावतात. पहिलं पीक बाजारात गेलं 1916 साली. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेपेक्षा रानात वाढलेल्या माणसांच्या नजरेवर हे सगळं उभं राहिलं म्हणून मला ती जागा फार आवडते. तिचं घर अजून आहे.

सासऱ्यांना सांगा की जमिनीचा सामू (pH) 4.5 ते 5 च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी माती लागते या झाडाला, नुसती वाळू आणि कुजलेला पाला, दुसरं काही तिथे धड येतही नाही.

मैत्रेयी_एडिसन

बापरे किती माहिती, मनापासून थँक्यू सगळ्यांना! गोचिडीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. मुक्ता, पिकलेलं कसं ओळखायचं गं? आणि एवढी फळं आणून ठेवायची कशी, आमच्याकडे मागच्या वेळी स्ट्रॉबेरीला तिसऱ्या दिवशी बुरशी आली होती.

मुक्ता०७

देठाच्या बाजूने बघायचं, तिथे लालसर असेल तर अजून आंबट आहे, राहू दे, ब्लूबेरी तोडल्यावर गोड होत नाही. पूर्ण निळी झालेली असेल तर घोसाखाली हात धरून अंगठा नुसता फिरवायचा, तयार फळ आपोआप ओंजळीत येतं. ओढावं लागलं तर ते कच्चं समज. फळावर पांढरट भुकटी दिसते ती औषधफवारणी नव्हे, फळाचं स्वतःचं मेण आहे, ते पुसू नकोस आणि घरी आणून धुऊही नकोस, खायच्या वेळी धुवायचं. डबे पसरट ने, जास्त थर झाले की खालची फुटतात. गाडीत आइसबॉक्स ठेव, तापलेल्या डिकीत तासभर राहिली की फळं मऊ पडतात. जास्तीची न धुता ताटात एका थरात पसरून फ्रीजरमध्ये, घट्ट झाली की पिशवीत भरायची, मग चिकटत नाहीत. संक्रांतीपर्यंत पुरतात आमच्याकडे.

सासऱ्यांसाठी, एक कप ब्लूबेरीत साधारण 21 ग्रॅम कर्ब्ज (कर्बोदकं) असतात. शेतात तोडता तोडता खाल्लं जातं ते मोजलं जात नाही, त्यामुळे नाश्ता नीट करून मगच निघा, पाणी आणि ताक बरोबर ठेवा.

मैत्रेयी_एडिसन

जाऊन आलो! जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, यांनी सुट्टी टाकली. न्यू इजिप्तजवळच्या शेतावर साडेआठला हजर, आमच्याआधी फक्त एक गाडी.

सासूबाईंनी बादली घेतलीच नाही हातात. ओढणी कमरेला बांधली, पुढे ओटी केली आणि दोन्ही हातांनी सुरू. म्हणाल्या, करवंदं अशीच तर काढायचो आम्ही, हिला तर काटाही नाही आणि चीकही नाही. खुर्ची नेली होती ती शेवटी अर्धा तास लागली, खालच्या फांद्यांसाठी, आणि खरंच तिथे टपोरी फळं होती. धाकटी त्यांच्या ओटीत बसल्यासारखी चिकटून, त्यांनी टाकलेलं एकेक उचलून खात होती. आमचं सगळ्यांचं मिळून 14 पौंड झालं, त्यातलं निम्मं एकट्या सासूबाईंचं.

सासऱ्यांनी मूठभर माती उचलली, बोटांतून सोडली आणि म्हणाले ही तर किनाऱ्यावरची वाळू आहे. मग व्हाइट्सबॉगला तास गेला, त्या मापाची गोष्ट त्यांनी घरी पोचेपर्यंत मुलांना दोनदा सांगितली. संध्याकाळी सगळ्यांच्या पायांची तपासणी झाली, गोचीड एकही नाही.

आता किचनमध्ये सासूबाई वेलची घालून मुरांबा करतायत, लिंबू किती पिळायचं यावर दोघांचं चाललंय. आणि पुढच्या बुधवारी परत जायचं का, असं त्यांनीच विचारलंय.