‘चेअर’ जिंकली म्हणजे अध्यक्षपद मिळालं का? (वेल्श ‘आयस्टेदवॉद’ला मराठीत काय म्हणावं)

शब्दवेधी : युद्धोत्तर वेल्सवरच्या एका लेखाचा अनुवाद तपासतोय. त्यातलं वाक्य असं : ‘१९५० च्या केअरफिली साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद कवी ग्विलिम टिल्स्ली यांना मिळालं.’ मुळात त्यांनी कवितेच्या स्पर्धेत ‘चेअर’ जिंकली असं आहे. ‘अध्यक्षपद’ चूकच, ते काढतोय. पण ‘आयस्टेदवॉद’ला, म्हणजे वेल्समधल्या काव्य-कलास्पर्धांच्या वार्षिक उत्सवाला, ‘साहित्य संमेलन’ चालेल का? आणि ‘चेअर’ला खुर्ची म्हणावं, आसन की पीठ?

रानजाई : खुर्ची. हे पद नाही, वस्तू आहे. दर वर्षी नवी बनते, लाकडी, कोरीवकामाची, आणि जिंकणारा ती घरी नेतो. १९१७ साली बर्कनहेडला विजेत्याचं नाव पुकारलं तेव्हा तो कवी, हेद विन, काही आठवड्यांपूर्वीच आघाडीवर मारला गेला होता. रिकाम्या खुर्चीवर काळं कापड घातलं गेलं. तिथे ‘अध्यक्षपद’ घालून वाक्य वाचून बघा.
‘संमेलन’ही नको. आपल्याकडे अध्यक्ष आधी ठरतो आणि मग भाषण करतो. तिथे विजेता कोण हे मांडवात बसलेल्या हजारोंना शेवटपर्यंत ठाऊक नसतं. कविता टोपणनावाने पाठवायची, खरं नाव वेगळ्या बंद पाकिटात. परीक्षक व्यासपीठावरून निकालपत्र वाचतात, सगळ्या कवितांचे गुणदोष सांगत. मग टोपणनाव पुकारलं जातं, तुताऱ्या वाजतात आणि त्या नावाचा माणूस प्रेक्षकांतून उभा राहतो. कुणाचीच कविता त्या तोलाची नसली तर खुर्ची कुणालाच देत नाहीत.

तळटीप : ‘आसन’ लिहा. ‘खुर्ची’ म्हटलं की मराठी वाचकाला राजकारण आठवतं, शिवाय शब्द मुळात अरबी ‘कुर्सी’. काव्याच्या सन्मानाला आपला शब्द हवा.

रानजाई : अरबी असला तरी शेकडो वर्षं मराठीत नांदतोय. ‘आसन’ म्हटलं तर दर्भाचंही असतं आणि योगातलंही. पाय, पाठ आणि हात असलेल्या वस्तूला मराठीत दुसरा शब्द नाही.

ओवी : ‘आयस्टेद’ म्हणजे बसणं आणि ‘बॉद’ म्हणजे असणं. समासात ‘ब’चा ‘व’ होतो, म्हणून ‘वॉद’. लिहिताना तिथे ‘एफ’ असतो, पण वेल्शमध्ये त्याचा उच्चार ‘व’. आणि दोन ‘डी’ शेजारी आले की इंग्रजी ‘देअर’मधला द. ‘आयस्टेडफोड’ हे मराठी लेखन इंग्रजी अक्षरांवरून आलंय, ते सोडा.
अर्थाने पाहिलं तर मराठीत शब्द तयार आहे : बैठक. बैठकीची लावणी म्हणतो तीच. कला, जाणते श्रोते आणि बसणं, तिन्ही त्यात आलं.

बखरकार : ‘केअरफिली बैठकीत टिल्स्ली यांना…’ याचा अर्थ जिल्हा परिषदेची बैठक असाच होईल. आणि आवाका पाहा. ऑगस्टमधला जवळजवळ आठवडा, एक वर्ष उत्तरेत तर पुढचं दक्षिणेत, उभारून मोडता येणारा मोठा मांडव, कोरस, वाद्यं, नाटक, पाठांतर. छंदोबद्ध ‘औद्ल’ या काव्यप्रकाराला खुर्ची, मोकळ्या वृत्तातल्या ‘प्रिदेस्त’ला मुकुट, गद्याला पदक. मुकुट आणि खुर्ची यांची गल्लत अनुवादात सर्रास होते. १९५३ ला ऱ्हिलमध्ये दिलिस कद्वालद्र यांनी जिंकला तो मुकुट. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. खुर्ची स्त्रीला मिळायला २००१ उजाडलं.
मी मूळ शब्दच ठेवीन. १९५० हे तर त्या शब्दासाठी महत्त्वाचं वर्ष. व्यासपीठावर फक्त वेल्श, हा नियम उत्सवाच्या १९३७ च्या घटनेतला. तो पहिल्यांदा नीट अमलात आला केअरफिलीलाच. पुढच्याच वर्षीच्या जनगणनेत वेल्श बोलणारे २८.९ टक्के भरले, १९३१ मध्ये ३६.८ होते. या उत्सवात तरी इंग्रजी शिरू द्यायची नाही असं ज्यांनी ठरवलं, त्यांच्या उत्सवाचं नाव आपण का बदलावं?

ओवी : त्यांनी इंग्रजी नको म्हटलं तसं आपण मराठीत मराठी शब्द मागतोय. तत्त्व एकच.

शब्दवेधी : त्याच लेखात टिल्स्लींच्या कवितेचं शीर्षक ‘मोलियंट इर ग्लोउर’, कोळसा खाणकामगाराची स्तुती. अनुवादकाने ‘कोळसा-मजुराचा पोवाडा’ केलंय.

रानजाई : पोवाडा अजिबात नको. पोवाड्यात कथानक असतं, डफ-तुणतुणं असतं, शाहीर असतो. औद्ल वाचली तरी कानाला कळते, कारण तिच्यात ‘कंगहानेद’ असतं. ओळीचे दोन भाग पाडायचे आणि पहिल्या भागातली व्यंजनं दुसऱ्यात त्याच क्रमाने आणायची, स्वर बदलून. मराठीत नमुना करायचा तर : कमल तरी | कोमल तारा. क-म-ल-त-र, क-म-ल-त-र. याला ‘क्रोइस’ म्हणतात. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीची काही व्यंजनं निरुत्तर सोडली तर ‘त्राउस’. ‘साइन’मध्ये ओळीचे तीन भाग : पहिल्या दोहोंत यमक, दुसऱ्या-तिसऱ्यात व्यंजनसाखळी. ‘लिस्ग’मध्ये पहिल्या भागाचा शेवट ओळीतल्या अखेरच्या शब्दाच्या उपान्त्य अक्षराशी जुळतो. आघात कुठे पडतो त्यावर सगळं ठरतं; आघात हुकला तर व्यंजनं जुळूनही ओळ बाद.

तळटीप : म्हणजे अनुप्रास.

रानजाई : नाही. अनुप्रासात वर्ण पुन्हा येतो, क्रमाची सक्ती नसते. मोरोपंतांच्या यमकापेक्षाही ही अट कडक आहे, कारण ती ओळीच्या टोकाला नाही, पोटात आहे.

बखरकार : शीर्षकाला ‘प्रशस्ती’ लिहा. वेल्श कवींची स्तुतिपरंपरा राजांची आणि जमीनदारांची होती. तेच साधन खाणकामगारासाठी वापरलं, खाणी १ जानेवारी १९४७ ला राष्ट्रीय झाल्यावर तीन वर्षांनी. मराठी वाचकाला प्रशस्ती म्हणजे राजाचा शिलालेख आठवतो, तो आठवायलाच हवा.

ओवी : प्रशस्ती पटली. ‘मजूर’ मात्र काढा, खाणकामगार हवा. आता समारंभातला प्रश्न. आर्चड्रुइड, म्हणजे समारंभ चालवणारा प्रमुख, तलवार अर्धवट उपसून तीनदा विचारतो, ‘आ ओइस हेदूख?’ लोक ओरडतात, ‘हेदूख!’ तलवार पूर्ण उपसतच नाहीत. ‘शांतता आहे का?’ असा अनुवाद दिसतो. वर्गात मास्तर विचारतात तसं वाटतं. ‘शांती’ हवं.

तळटीप : ‘शांती’ला पूजेचा वास. ‘सलोखा’ का नको?

बखरकार : तो फारसी-अरबीकडून आलेला, तुम्हालाच चालणार नाही.

तळटीप : रूढ झालेलं चालतं. नवी भर नको, एवढंच म्हणणं.

शब्दवेधी : मग हेही सांगा. लेखात पुढे वेल्समधल्या ल्लानगेन्नेख गावच्या बीझ्ली दांपत्याची हकिकत आहे. १९५२ पासून त्यांनी ‘रेट्स’ भरले नाहीत, नोटीस वेल्शमध्ये द्या म्हणून. अनुवादकाने ‘मालमत्ता कर’ केलाय.

ओवी : घरपट्टी! नोटिशीची भाषा हाच भांडणाचा मुद्दा असताना सरकारी शब्द कशाला? तो खाणकामगार, ती शिक्षिका. बेलिफ, म्हणजे जप्ती करणारे अधिकारी, येऊन घरातलं सामान उचलून नेत होते. घरपट्टी थकली की जप्ती येते, हे गावातल्या कुणालाही कळतं.

बखरकार : घरपट्टी फक्त घराची. ‘रेट्स’ दुकानं-कारखान्यांवरही होते, जागेच्या ठरवलेल्या वार्षिक भाडेमूल्यावर. इथे घराचाच प्रश्न आहे म्हणून चालेल, पण लेखात इतरत्र ‘स्थानिक कर’ करा. आणि १९६० मध्ये शेवटी जी नोटीस आली ती द्विभाषिक होती, निव्वळ वेल्श नाही. तिथे अनुवादात ‘वेल्श नोटीस’ असेल तर तपासा.